मापात पाप: एका छोट्या कथानकाची जुळवाजुळव

मजकुरावर चालणाऱ्या ऑनलाइन खेळात मी चालवायला घेतलेले पहिले कथानक एका लाकडी फळीखाली अडकले आणि तिथेच संपले. दीपगृहाचा रखवालदार नाहीसा झाला आहे, त्याच्या खोलीतल्या सैल फळीखाली एक चिठ्ठी आहे आणि ती सापडली की पुढची वाट दिसते, अशी माझी मांडणी होती. चार खेळाडू अडीच तास त्या खोलीत होते. त्यांनी पलंग उलटा केला, दिव्यातले तेल हुंगले, खिडकीच्या कडीवरचा गंज खरवडला, एकाने तर रखवालदाराच्या मांजराचा माग काढायचे ठरवले. पण फळी कोणीही उचलली नाही. मी दर वर्णनात ती फळी ‘किंचित करकरते’ असे लिहीत राहिले आणि त्यांना तो जुन्या घराचा स्वभाव वाटत राहिला. शेवटी एकाने, उद्या लवकर उठायचे आहे, असे कळवून निरोप घेतला, बाकीचे हळूहळू पांगले आणि दुसरा सीन कधी झालाच नाही. पुढे जे सांगायचे आहे ते दुसऱ्या कथानकाविषयी असले, तरी त्यातला प्रत्येक निर्णय घेताना ती फळी माझ्या डोळ्यांपुढे होती.

ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडी ओळख करून देते. हा मजकुरावर चालणारा ऑनलाइन रोलप्ले आहे. इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठात 1978 साली रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल यांनी ‘मड’ नावाचा खेळ सुरू केला, ज्यात अनेक जण एकाच वेळी एका शब्दमय जगात शिरू शकत होते. 1989 मध्ये अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या जेम्स ॲस्पनेस यांनी ‘टायनीमड’ लिहिताना त्यातले राक्षस आणि गुणांकन काढून टाकले, तेव्हा उरले ते फक्त जागा बांधणे आणि एकमेकांशी बोलणे. पुढच्याच वर्षी लॅरी फोर्ड यांनी त्याला खेळाडूंना स्वतः प्रोग्रॅम करता येईल अशी जोड दिली आणि ‘मश’ हे कुटुंब जन्माला आले. ‘अनेकांचा सामायिक भ्रम’ असा त्या आद्याक्षरांचा गमतीने विस्तार करतात आणि तो मला अगदी चपखल वाटतो. आपण एक पात्र घेतो, जोडणी करतो आणि टाइप करतो. अवतरणचिन्हाने सुरुवात केली की पात्र बोलते, कोलनने सुरुवात केली की पात्राच्या नावापुढे त्याची कृती उमटते, आणि त्या खोलीत असलेले सगळे ते वाचून आपापली भर घालतात. या एकेका भरीला ‘पोझ’ म्हणतात. ती कधी एका ओळीची असते, तर कधी भरगच्च परिच्छेदाची.

जगाची मालकी आणि मोठी कथा स्टाफकडे असते. परंतु स्टाफ म्हणजे आपापली नोकरी सांभाळून रात्री वेळ देणारी तीन-चार हौशी माणसे. चाळीस-पन्नास खेळाडूंना दर आठवड्याला काही ना काही करायला देणे त्यांना जमणे शक्यच नसते, म्हणून खेळाडूच छोटी कथानके उभी करतात. त्यांना ‘प्लेअर-रन प्लॉट’, थोडक्यात पीआरपी म्हणतात. दोन-तीन सीन, चार-पाच माणसे, एखादा प्रश्न आणि त्याचा निकाल, एवढाच त्याचा जीव असतो. आम्ही खेळत होतो त्या जगात एक काल्पनिक बंदर होते, साधारण एकोणिसाव्या शतकातले वाटावे असे. शिडांची गलबते, मिठाची कोठारे, सतत भांडणारी नगरसभा आणि समुद्रापलीकडे पेटू घातलेले युद्ध. ते युद्ध स्टाफचे होते. मला मासळीबाजार पुरेसा होता.

माझे माहेर कुडाळजवळचे, त्यामुळे हा प्रकार मला वाटला तेवढा परका नव्हता. आमच्या गावच्या जत्रेत दशावतार होतो, त्याला लिहिलेली संहिता नसते. पेटाऱ्यातून मुकुट निघत असताना, तोंडाला रंग लागत असताना आख्यान ठरते, कोणी कोणते पात्र करायचे ते ठरते, आणि पुढे पहाटेपर्यंतचे सगळे संवाद रंगमंचावर समोरच्याचे ऐकून सुचत जातात. लहानपणी मी मंडपाच्या मागच्या बाजूला उभी राहून हे ठरताना पाहिले आहे. तिथे जी गोष्ट मला तेव्हा कळली नव्हती आणि फळीच्या प्रकरणानंतर कळली, ती अशी की आख्यान सगळ्या नटांना ठाऊक असते. कोण कोणाचा वध करणार, कोण शाप देणार, हे कोणापासूनही लपवलेले नसते, आणि तरीही, कदाचित म्हणूनच, त्यांना बोलायला सुचते. मी माझ्या नटांना आख्यानच सांगितले नव्हते आणि वर त्यांच्या तोंडून संवाद मात्र अपेक्षिले होते.

दुसऱ्या कथानकाचे बीज वडिलांच्या किराणा दुकानातून आले. आमच्याकडे लोखंडी वजने होती. त्यांच्या अंगात एक भोक असते, ते शिशाने भरलेले असते आणि वजनमापे खात्याचा निरीक्षक तपासणी करून त्या शिशावर शिक्का मारतो. वजन झिजून कमी भरले तर त्याच भोकात शिसे घालून ते दुरुस्त करता येते. अर्थात जिथे दुरुस्ती करता येते, तिथे लबाडीही करता येते. बंदरावरच्या सरकारी वजनांत खोट आहे, एवढा धागा मला मिळाला. मापात पाप ही आपल्याकडची म्हणच आहे. ती खेळासाठी इंग्रजीत नेताना तिच्यातला यमक गेला, पण पाप शिल्लक राहिले.

इथे एक बारकावा होता आणि तो मला फार आवडला होता. खोटे वजन म्हटले की ते हलके असणार, असे सगळे गृहीत धरतात, कारण आपण बहुतेक वेळा गिऱ्हाईक असतो आणि दुकानदार आपल्याला कमी देतो. पण बंदरावर कोळी माल विकतो आणि व्यापारी तो घेतो. म्हणजे घेणाऱ्याला वजन भारी असलेले सोयीचे, कारण मग जास्त मासळी कमी म्हणून मोजली जाते. शिसे लोखंडाहून जड असते. भोक आणखी खोल कोरून, काढलेल्या लोखंडाच्या जागी शिसे ओतले, तर वजन बाहेरून तेवढेच दिसते आणि काट्यावर मात्र भारी भरते. ताजे कापलेले शिसे चकचकते आणि काही दिवसांत काळवंडते, हेही दुकानात पाहिलेले होते. म्हणजे पुरावा डोळ्यांना दिसेल असा होता, फळीखाली नव्हता.

स्टाफकडे अर्ज करावा लागतो. आमच्या खेळात त्याचा ठरलेला नमुना होता: कथानक चार ओळींत सांगा, किती सीन लागतील, कोणाला भाग घेता येईल, पात्रांना कितपत धोका आहे, जगात कायमचे काय बदलेल, आणि खेळाडू अपयशी ठरले तर काय होईल. पहिल्यांदा हा अर्ज भरताना मला तो सरकारी वाटला होता. दुसऱ्यांदा भरताना शेवटच्या प्रश्नापाशी मी अर्धा तास अडून राहिले, कारण फळीच्या कथानकात त्या रकान्यात मी ‘अपयशी ठरणार नाहीत’ असे लिहिले होते. या वेळी लिहिले, की कोणालाच काही सिद्ध करता आले नाही तर मापाड्याला बडतर्फ करून प्रकरण दडपले जाईल, कोळी बाजारावर बहिष्कार टाकतील आणि महिनाभर बंदरावर मासळी मिळणार नाही. हा निकालही खेळण्याजोगा होता. चौथ्या दिवशी स्टाफचे उत्तर आले: बंदर-अधिकाऱ्याला मारू नका, कर वाढवू-घटवू नका, शत्रूचा हात आहे असे सुचवू नका, बाकी खुशाल करा. अटी वाचून मला बरे वाटले. कुंपण कुठे आहे हे कळले की मधल्या मैदानात निर्धास्त धावता येते.

वेळ ठरवणे हे मात्र खरोखरच डोकेदुखीचे काम निघाले. बहुतेक खेळाडू अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचे होते आणि त्यांचा सोयीचा वेळ शनिवारी रात्री आठचा, म्हणजे हिवाळ्यात आमच्याकडे रविवारी सकाळी साडेसहा. ऑस्ट्रेलियातल्या खेळाडूची तेव्हा दुपार असे. ब्रिटनमधल्या खेळाडूचा मात्र रात्रीचा एक वाजलेला. मी बाजाराचे कथानक जाहीर केले तेव्हा नऊ जणांनी नावे दिली आणि मी पाच घेतले. एका वगळलेल्या खेळाडूने सर्वांसमोर, ओळखीच्यांनाच घेतले जाते, असे सुनावले. ते पूर्ण खरे नव्हते, पण पूर्ण खोटेही नव्हते, म्हणून मी त्यांना पुढच्या कथानकाचे पहिले आमंत्रण दिले आणि ते पाळले. पाच जणांत गोदीवरचा एक पहारेकरी होता, सर्वांत मोठ्या मासळी-व्यापाऱ्याची मुलगी होती, एक डॉक्टरीण, एक खिसेकापू पोर आणि एक देवळातला पुजारी. पुजारी ब्रिटनमधला. त्याच्यासाठी मी मधल्या वारी रात्री साडेदहाला, तिकडच्या संध्याकाळी पाचला, तासाभराचे वेगळे छोटे सीन ठेवले.

पाच का घेतले, याचे कारण सरळ अंकगणित आहे आणि ते पहिल्या वेळी मला कोणी सांगितले असते तर बरे झाले असते. एक बरी पोझ वाचून, विचार करून लिहायला सहा-सात मिनिटे जातात. रविवारी चार खेळाडू आणि पाचवी मी, म्हणजे एका फेरीला अर्धा तास. तीन तासांच्या वर माणसे टिकत नाहीत, निदान मी तरी टिकत नाही. म्हणजे संपूर्ण सीनमध्ये प्रत्येकाच्या वाट्याला सहा वेळा काही करण्याची संधी येते, आणि त्यातली पहिली नमस्कार-चमत्कारात व शेवटची निरोपात जाते. उरलेल्या चार फेऱ्यांत जे मावेल तेवढेच त्या दिवसाचे कथानक. नऊ जण घेतले असते तर तीन तासांत जेमतेम तीनच फेऱ्या झाल्या असत्या आणि आठ जण सतत नवव्याची वाट पाहत बसले असते. काही खेळांत आता वेबवर सीन उघडा ठेवून दोन-तीन दिवसांत सवडीने पोझ टाकत जाण्याची सोय आहे आणि वेगवेगळ्या देशांतल्या खेळाडूंना ती उपयोगी पडते, पण जिथे एकाने चिडायचे आहे आणि दुसऱ्याने त्याला अडवायचे आहे, तिथे मला सगळे एकाच वेळी जागे असलेले बरे वाटतात.

फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी पहिला सीन झाला. मी सहाला उठून चहा घेऊन बसले होते, त्या दिवसांत आई पुण्याला माझ्याकडे आली होती आणि माझा वेग पाहून तिने विचारले, “पाट्येक उठान कोणाक पत्रां लिवतंस गो?” मी हसले आणि पहिली पोझ पाठवली. ती इंग्रजीत होती, पण मनात ती मराठीतच सुचली होती आणि साधारण अशी होती:

‘काट्याच्या एका पारड्यात खारवलेल्या मासळीची टोपली आहे आणि दुसऱ्यात बंदराचे सरकारी वजन. म्हातारी कोळीण म्हणते, ही टोपली घरच्या दगडांनी भरली तेव्हा बरोबर अर्धा मण होती, इथे आल्यावर ती कशी आटली? मापाडी हसतो. म्हातारी हसत नाही. ती पारड्यातले वजन उचलते, दोन्ही हातांनी उलटे करते आणि पहारेकऱ्याच्या पायाशी आपटते. वजनाच्या बुडाचे शिसे नव्या भांड्यासारखे चकाकते आहे. त्यावरच्या शिक्क्यात तीन वर्षांपूर्वीचे साल आहे.’

सगळे पत्ते मी पहिल्या पोझमध्येच टेबलावर मांडले होते. तीन वर्षांपूर्वीचा शिक्का आणि कालचे शिसे, यांचा मेळ बसत नाही, हे कोणालाही दिसावे आणि प्रश्न फक्त ‘आता काय करायचे’ एवढाच उरावा, असा माझा हेतू होता. म्हातारीला मी मुद्दाम आमच्याकडच्या बायकांची एक लकब दिली होती: सरळ उत्तर म्हणून द्यायचे नाही, प्रश्नाला प्रश्नानेच भिडायचे. पहारेकऱ्याने विचारले, तुझ्या दगडांवर कोणी विश्वास ठेवायचा? ती म्हणाली, तुझ्या लोखंडावर तरी कोणी ठेवायचा? पुढच्या दोन फेऱ्यांत तीन खेळाडूंनी तिच्याशी बोलताना तीच पद्धत उचलली.

डॉक्टरिणीने औषधांचा तराजू आणवला आणि लहान वजनांची जुळणी करून सरकारी वजन तोलायला घेतले. इथे फासा टाकायचा की नाही, हा प्रश्न आला. आमच्या खेळात पात्राच्या कौशल्यानुसार फासे पडतात, आणि त्यांचे फासे फारच वाईट पडले. पहिल्या कथानकात मी म्हटले असते, की काही कळले नाही. या वेळी मी आधीच ठरवले होते, की ज्याच्याशिवाय कथानक पुढे सरकत नाही ती गोष्ट फाशावर ठेवायची नाही. किती वेळ लागला, कोणी पाहिले, काय मोडले, एवढेच फाशाने ठरवावे. म्हणून मी लिहिले, की तोलताना औषधांच्या तराजूची दांडी वाकली, बाजार गोळा झाला, मापाडी गर्दीतून सटकला. पण वजन भारी भरले, हे सर्वांसमोर दिसले. ‘भारी?’ एवढाच शब्द पहारेकऱ्याने लिहिला. त्यानंतर पाच-सहा मिनिटे कोणीच काही टाकले नाही आणि मला धडकी भरली की पुन्हा फळी झाली. मग खिसेकापू पोराची पोझ आली: ‘मग चोर विकणारा नाही. चोर घेणारा आहे.’

याच खेळाडूमुळे दुसऱ्या सीनमध्ये थोडा प्रसंग उद्भवला. गडी हुशार आणि वेगवान होता, पण आपल्या तीन परिच्छेदांच्या पोझमध्ये त्याने कोठाराचे कुलूप उघडले, आत शिरला, हिशेबाची वही शोधली आणि ती वाचूनही टाकली. बाकीच्यांना करायला काही शिल्लकच राहिले नाही. मी खासगी संदेशात लिहिले, की कृपया प्रयत्न तेवढा लिहा, परिणाम मी लिहीन किंवा दुसऱ्या कोणाला लिहू द्या. कुलपात तार घाला आणि तिथे थांबा. त्याने मनावर घेतले. पुढच्या पोझमध्ये तार कुलपात होती आणि डॉक्टरीण कंदील धरून उभी होती, कारण आता तिला कंदील धरण्याची संधी मिळाली होती. बऱ्याच कटकटी या एवढ्या एका वाक्याने मिटतात, मात्र ते सर्वांसमोर न लिहिता खासगीत लिहावे लागते.

आता त्या गोष्टीकडे येते जिच्यासाठी हे सगळे लिहायला घेतले. पहिला सीन संपल्यावर लगेच व्यापाऱ्याच्या मुलीच्या खेळाडूचा संदेश आला: “बंदरावर सर्वांत जास्त मासळी माझे वडील घेतात. हे तुम्ही मुद्दाम योजले होते का?” मी योजलेले नव्हते. माझ्या वहीत गुन्हेगार वेगळा होता: एक लहान, कर्जबाजारी व्यापारी, ज्याने मापाड्याला पैसे चारले होते. त्याची मी अडीच पाने कुंडली मांडली होती, त्याच्या मेलेल्या भावासकट. पण घेणाऱ्याचा फायदा हे सूत्र एकदा स्वीकारले, की सर्वाधिक घेणाऱ्याचा सर्वाधिक फायदा हे पुढचे पाऊल कोणीही टाकणार, आणि ज्या माणसाकडे बोट जाते तो या खेळाडूच्या पात्राचा बाप आहे, हे मी बारकाव्याच्या प्रेमात पडून पाहिलेच नव्हते. क्षणभर वाटले, ‘हो, योजले होते’ असे लिहून द्यावे. मग खरे तेच लिहिले: “नाही. पण तुमचा तर्क माझ्या उत्तरापेक्षा चांगला आहे. तुम्हाला चालणार असेल तर तेच उत्तर करू.”

त्यांना चालणार होतेच, किंबहुना त्यांना तेच हवे होते. अट एकच होती, की वडिलांना तुरुंगात टाकू नये, कारण इतर दोन खेळाडूंच्या गोष्टी त्यांच्या पेढीवर अवलंबून होत्या. दुसऱ्याच्या पात्राच्या घरातल्या माणसाला त्या खेळाडूच्या संमतीशिवाय हात लावायचा नाही, हा या खेळांतला पाळायचाच नियम आहे. पण संमती घ्यायला गेले की बहुतेक वेळा समोरचा आपल्याहून जास्त धाडसी निघतो. मी स्टाफला बदल कळवला. तीन दिवसांनी दोन ओळींत होकार आला. माझा मूळ गुन्हेगार शिसे पुरवणारा ठरला, दुसऱ्या सीनमध्ये दोन वाक्ये बोलला आणि पळून गेला. त्याच्या भावाविषयी कोणी विचारलेही नाही. पुजाऱ्याला मी मधल्या वारच्या सीनमध्ये मापाड्याचा कबुलीजबाब देऊन टाकला आणि तो कोणाला सांगायचा, सांगायचा की नाही, हे त्याच्यावर सोडले. त्याने तो फक्त मुलीला सांगितला. त्यामुळे तिसऱ्या सीनपूर्वी ती आणि पुजारी सोडून कोणालाच खात्री नव्हती, संशय मात्र सर्वांना होता, आणि ही रचना माझी नव्हती.

तिसऱ्या सीनला मी पाऊण तास उशिरा पोचले. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळे एक तास पुढे जातात. म्हणजे तिथले शनिवारचे आठ आता आमच्या साडेसहाला न वाजता साडेपाचला वाजत होते. हे मला माहीत होते, घोषणेत मी स्वतः तसे लिहिलेही होते, आणि तरीही गजर साडेसहाच्या हिशेबाने लावला होता. सव्वासहाला जोडणी केली तेव्हा मला वाटले होते तसे तिथे सामसूम किंवा संताप यांपैकी काहीच नव्हते. त्यांनी बाजार सुरू केला होता. व्यापाऱ्याच्या मुलीने वडिलांच्या नावाने दुप्पट भावात मासळी घ्यायला सुरुवात केली होती, पहारेकरी ते पाहत होता, खिसेकापू पोर ते पैसे कोणत्या पेटीतून येतात हे मोजत होते, आणि माझी म्हातारी कोळीण, जिला हात लावायचा अधिकार फक्त मला होता, तिला कोणीही बोलायला लावले नव्हते. ती कोपऱ्यात उभी आहे, एवढेच प्रत्येकाने आपापल्या पोझमध्ये आठवणीने लिहिले होते. मी माफी मागितली, मागचे सगळे वाचून काढले आणि म्हातारीला एकच वाक्य दिले: “एवढे पैसे कशाचे, पोरी?”

पुढच्या चार फेऱ्यांत मी जवळजवळ काहीच लिहिले नाही. मुलीने उत्तर दिले नाही. तिने धक्क्यावरचे ते खोटे वजन उचलले, कडेपर्यंत नेले आणि पाण्यात सोडले. पुरावा गेला. आता पहारेकऱ्याने तिला पकडायचे की नाही, हे त्याच्या पोझवर होते; आणि तो खेळाडू बारा मिनिटे लिहीत होता. पडद्यावर काहीच हलत नव्हते, पण सगळे जागे आहेत हे जाणवत होते. मग तीन ओळी आल्या: पहारेकरी पाण्यावरची वर्तुळे विरेपर्यंत पाहत राहतो, मग आपली नोंदवही उघडतो, आणि ‘वजन हरवले’ असे लिहून ती मुलीसमोर सहीसाठी धरतो. तिने सही केली. म्हणजे पुढे कधीही, कोणीही विचारले, तर तिचे नाव तिथे असणार होते. इतकी नेमकी शिक्षा मला वहीत अडीच पाने लिहूनही सुचली नव्हती.

लॉग, म्हणजे सीनची जशीच्या तशी नोंद, साफ करण्यात पुढची दोन संध्याकाळ गेली. खासगी संदेश, फाशांच्या ओळी, ‘चहा आणते’ अशा सूचना काढून टाकल्यावर तिन्ही सीन मिळून बारा-तेरा हजार शब्द उरले आणि ते मी सर्वांना पाहता येतील असे ठेवले. अर्जात कबूल केल्याप्रमाणे स्टाफला परिणाम कळवले: नवी वजने येणार, मापाडी बडतर्फ, व्यापाऱ्याची पेढी शाबूत, मुलगी आणि पहारेकरी यांच्यात एक न बोललेला करार. डॉक्टरिणीने वाकलेल्या तराजूची भरपाई नगरसभेकडे मागितली आणि त्यावर त्यांनी स्वतःचे एक वेगळेच छोटे कथानक सुरू केले. त्यात मी म्हातारी म्हणून दोनदा जाऊन आले.

एप्रिलमध्ये एका रविवारी काही काम नसताना मी बंदरावर नुसतीच उभी होते. एक नवी खेळाडू आली होती, आठवड्यापूर्वी पात्र घेतलेली, आमच्या कथानकात नसलेली. तिने मासळी घ्यायला टोपली पुढे केली आणि पोझ टाकली: पारड्यात ठेवण्याआधी ती मापाड्याच्या हातातून वजन घेते, उलटे करते आणि बुडाचे शिसे काळे आहे का ते पाहते, इथे सगळेच पाहतात तसे.